शहरात राहायला जाताय? वस्ती लेकराच्या पावलांनी मोजा



उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की शाळेत दाखला मागायला पालक येऊ लागतात. आमचं जळकोट तुळजापूर तालुक्यातलं, पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं. (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं, हे दरवेळी सांगावं लागतं.) महामार्गावरचं गाव असल्यानं रात्री फाट्यावर बसला हात केला की सकाळी माणूस पुण्यात उतरतो. दाखल्याच्या अर्जावर कारण ठरलेलं, 'पालकांचे स्थलांतर'. मी विचारते, "पुण्यात कुठं?" कोणी मांजरी म्हणतं, कोणी वाघोली, कोणी चिखली. "तिथंच का?" या प्रश्नाला बहुतेक दोनच उत्तरं येतात. एक, "तिथं आमचे पाहुणे हायत." दुसरं, "भाडं कमी आहे, मॅडम." तिसरा प्रश्न विचारला की मात्र पालक गप्प होतात. घरापासून शाळा किती लांब आहे?

हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. शहराच्या कडेला राहायचं तर स्वप्नातली वस्ती कोणती, याच्या जाहिराती रोज मोबाईलवर येतात. हिरवळ, पोहण्याचा तलाव, मोठं गेट. माझं म्हणणं एवढंच की वस्ती निवडताना घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या पावलांनी मोजावं. ज्याला गाडी चालवता येत नाही आणि एकट्यानं मोठा रस्ता ओलांडता येत नाही, त्याचा दिवस जिथं नीट जातो ती वस्ती चांगली.

पाहुणे आहेत म्हणून

हे कारण ऐकून काही जण हसतात. मला ते कारण चांगलं वाटतं. सोलापूरकडून पुण्यात शिरताना पहिल्यांदा हडपसर लागतं. त्यामुळं आपल्या भागातली माणसं हडपसर, शेवाळेवाडी, मांजरी, फुरसुंगी या पट्ट्यात आधी उतरली आणि तिथंच राहिली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत काम मिळालं ती भोसरी, मोशी, चिखलीकडं गेली. ओळखीचं माणूस जवळ असलं की लेकरू तापानं फणफणलं तर रात्री दार वाजवायला जागा असते. आई-वडील दोघं कामाला गेले की शाळा सुटल्यावर किल्ली कोणाकडं ठेवायची, हा प्रश्न कुठल्याच जाहिरातीत नसतो. शहरात गेलेल्या घरात तो रोज दुपारी उभा राहतो.

पुणं असंच वाढत आलंय. आधी पेठा, मग १८९७ च्या प्लेगनंतर लोक दाटीतून बाहेर नदीपलीकडं मोकळ्या जागेत जाऊ लागले. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहती झाल्या. त्यानंतर कारखाने आले, मग हिंजवडीचं आयटी पार्क. प्रत्येक वेळी शहराची कड पुढं सरकली आणि जुनी कड मध्यवस्ती झाली. आज वाघोलीत घर घेणारा 'उद्या इथं सगळं होईल' म्हणतो, ते अगदीच खोटं नाही. फक्त त्या 'उद्या'ला दहा वर्षं लागली तर आज दुसरीत असलेलं लेकरू बारावीत गेलेलं असेल.

शाळा मध्ये ठेवून वस्ती

नगररचनेत यावर जुना विचार आहे आणि तो आपण शिक्षकांनी माहीत करून घ्यावा असा आहे. क्लॅरेन्स पेरी नावाच्या अमेरिकन नियोजनकारानं १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या आराखड्यासाठी 'शेजार' कसा आखावा हे मांडलं. त्यानं मध्यभागी बाजार ठेवला नाही, चौक ठेवला नाही, प्राथमिक शाळा ठेवली. शाळेभोवती साधारण पाव मैलाचं, म्हणजे ४०० मीटरचं वर्तुळ. मोठे वाहते रस्ते वस्तीच्या कडेनं जातील, मधून जाणार नाहीत. दुकानं कोपऱ्यांवर. लेकराला शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागू नये, ही त्याची मूळ अट. पुढं चंडीगडचे सेक्टर आखताना असाच विचार झाला. ८०० बाय १२०० मीटरचा एक सेक्टर, आणि रोजच्या गरजेचं त्याच्या आतच.

आपल्या कायद्यातही हे अंतर आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार आपल्या राज्यात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी. पण 'असावी' आणि 'लेकराला चालत जाता येईल' यात फरक आहे. एक किलोमीटरच्या मधे सोलापूर रोड किंवा नगर रोड आला, तर ते अंतर नकाशावर एक आणि आईच्या जिवाला दहा किलोमीटर असतं. म्हणून किलोमीटर विचारू नका. सकाळी शाळेच्या वेळेला त्या रस्त्यानं स्वतः चालून बघा. फुटपाथ आहे का, असला तर मोकळा आहे का, कुत्री किती, पाण्याचे टँकर आणि सिमेंटचे मिक्सर त्या वेळेला धावतात का. कडेच्या भागात बांधकामं जोरात असतात, आणि शाळा भरायच्या वेळेलाच हे मिक्सर निघतात.

हे वर्गात घेता येतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. 'माझ्या स्वप्नातील वस्ती' असा निबंध दिला की चौथी-पाचवीची मुलं गाईडमधलं लिहून आणतात. उंच इमारती, स्वच्छ रस्ते, सुंदर बाग, सगळे गुण्यागोविंदानं राहतात. मी आता निबंधाआधी कोरा कागद देते. मध्ये तुझं घर काढ. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तू एकटा, मोठ्या माणसाशिवाय, कुठं कुठं जातोस ते काढ. जितकं जवळ तितकं घराजवळ. मग कागदावर येतं ते वेगळंच असतं. आजीचं घर, किराणा दुकान, पिठाची गिरणी, देवळाचा ओटा, चुलत्याचा गोठा, क्रिकेटची मोकळी जागा, शिकवणीच्या ताईचं घर. गावातलं नऊ वर्षांचं लेकरू दिवसभरात अशा आठ-दहा ठिकाणी एकटं जाऊन येतं. हाच कागद शहरात गेल्यावर पुन्हा काढायला सांगितला तर त्यावर किती ठिकाणं उरतील? घर, लिफ्ट, शाळेची व्हॅन. पालकांना हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवा. लांबलचक समुपदेशनापेक्षा ते लवकर पटतं.

स्वस्त भाड्याचं गणित

पाचवीच्या मुलांना सोडवायला देता येईल असं हे उदाहरण आहे. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमच्या ठिकाणचे घालून बघा.

समजा एक घर कामापासून २२ किलोमीटरवर, भाडं ६,००० रुपये. दुसरं घर ४ किलोमीटरवर, भाडं ८,५००. पहिल्या घरातून जाऊन-येऊन रोजचे ४४ किलोमीटर, महिन्याला २५ दिवस काम धरलं तर १,१०० किलोमीटर. दुचाकी लिटरला ५० किलोमीटर देते असं धरा. २२ लिटर पेट्रोल, १०० रुपयांनी २,२०० रुपये. शाळा लांब म्हणून व्हॅन १,५००. एकूण ९,७००. दुसऱ्या घरातून महिन्याला २०० किलोमीटर, ४ लिटर, ४०० रुपये. शाळा चालत, व्हॅन नाही. एकूण ८,९००. स्वस्त घर ८०० रुपयांनी महाग पडलं.

वेळ अजून धरलाच नाही. एका बाजूला सव्वा तास लागत असेल तर रोज अडीच तास, महिन्याला साडेबासष्ट तास. म्हणजे महिन्यातले अडीच दिवस आणि अडीच रात्री बाप रस्त्यावर असतो. सातला निघणारा आणि रात्री नऊला येणारा बाप लेकराला रविवारीच दिसतो. आठवी-नववीतल्या मुलांचं वागणं बदललं की आपण मोबाईलला दोष देतो. मला वाटतं, आधी ही वेळ मोजावी.

मेट्रोनं थोडा फरक पडलाय. ६ मार्च २०२२ ला पहिले दोन तुकडे सुरू झाले, सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत गाडी गेली. पण स्टेशन आपल्या घरापासून चालत आहे की तिथपर्यंत पुन्हा रिक्षा, हे बघावं लागतं. 'प्रस्तावित मेट्रो'च्या नावावर जास्तीचं भाडं कोणी मागितलं तर देऊ नका. प्रस्तावित स्टेशनात आज कोणी उतरत नाही.

पाणी: आपली सवय आपल्याला फसवते

मराठवाड्यातल्या माणसाला टँकर नवा नाही. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी बघितलंय. त्यामुळं पुण्यात खोली बघताना मालक म्हणाला "पाण्याचं टेन्शन नाही, टँकर येतो", की आपल्याला ते सोयीचं वाटतं. पुण्यातला जुना रहिवासी हेच वाक्य ऐकून उठून जाईल.

कडेचे भाग स्वस्त का असतात, हे समजून घ्यायला एक गोष्ट माहीत हवी. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ गावं आली. ३० जून २०२१ ला आणखी २३ आली, त्यात वाघोली, मांजरी बुद्रुक, शेवाळेवाडी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, सूस, म्हाळुंगे अशी गावं. गाव महापालिकेत आलं म्हणजे नळाला शुद्ध पाणी आलं, असं होत नाही. फलक लगेच बदलतो. जलवाहिनी, ड्रेनेज, शुद्धीकरण केंद्र यांना वर्षं लागतात. इमारती मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

याचा फटका काय असतो, ते जानेवारी २०२५ मध्ये दिसलं. सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएस या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते, हातापायातली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. पुणे परिसरात संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, आणि संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडं गेली. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर! धरण शेजारी असणं वेगळं आणि शुद्ध केलेलं पाणी घरात येणं वेगळं.

म्हणून घरमालकाला तीन गोष्टी विचारा. पाणी कुठून येतं: महापालिकेचा नळ, बोअर, विहीर की टँकर? टँकरचे पैसे भाड्यात की वेगळे? आणि दिवसाआड येतं का? पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी सुरू झालं, म्हणजे पैसेवाल्या वस्तीतसुद्धा हा प्रश्न विचारावा लागतो. मालकापेक्षा खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारलेलं जास्त खरं निघतं.

फुरसुंगी आणि उरुळी देवाची इथं आणखी एक गोष्ट. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं तिथल्या डेपोत पडला. गावकऱ्यांनी आंदोलनं केली, विहिरींचं पाणी खराब झाल्याच्या तक्रारी राहिल्या. २०१७ ला ही गावं महापालिकेत गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. तिथं राहू नका असं मी म्हणत नाही, आपली कितीतरी माणसं तिथं सुखानं राहतात. पण खोली डेपोपासून किती लांब, वारं कुठून येतं, हे दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा जाऊन बघा. दुपारी नसलेला वास रात्री येऊ शकतो.

आखीव म्हणजे चांगलंच असं नाही

आपल्या जिल्ह्याला ही गोष्ट पुण्याच्या आधी कळली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली पन्नासच्या आसपास गावं पुढं नव्या जागी वसवली गेली. सास्तूर आणि आसपासच्या भागातल्या आजी-आजोबांशी बोला. जुनं गाव दाटीचं, दगड-मातीच्या जाड भिंतींचं, त्या भिंतींनीच माणसं मारली. नवं गाव सरळ रेषेतलं, रुंद रस्त्यांचं, भूकंप सोसणाऱ्या घरांचं. जिवाची सुरक्षा मिळाली, ती मोठीच गोष्ट. पण घरं लांब लांब गेली, नवं गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. घराचा आकार जमिनीप्रमाणं ठरला, त्यामुळं जुने शेजारी वेगवेगळ्या ओळींत गेले. ओट्यावर बसून गल्लीतल्या सगळ्या लेकरांवर लक्ष ठेवणारी म्हातारी कुठल्याच आराखड्यात नव्हती.

शहरातल्या मोठ्या गेटच्या सोसायट्या बघताना मला हे आठवतं. आत बाग आहे, पण लेकराला त्या बागेत सोडून येईल असं ओळखीचं कोणी आहे का? जुन्या हडपसरच्या किंवा भोसरीच्या एखाद्या अरुंद गल्लीत, जिथं दुकानदार लेकराला नावानं हाक मारतो, तिथं ते जास्त सुरक्षित असू शकतं. अर्थात गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरत नसेल तर तीही बाजू धरावी लागेल. दोन्ही एकाच ठिकाणी मिळणं अवघड, आणि मिळालं तर ते परवडत नाही.

रान विकून घर?

यावर थोडकंच लिहिते, कारण हा विषय वकिलाचा आहे. शेतजमीन विकून कडेच्या गावात एक-दोन गुंठे घेणारे बरेच आहेत. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, आणि मधला रस्ता कागदावर नेमका कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही, अशा ठिकाणी पैसे अडकवू नका. फ्लॅट असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर स्वतः तपासा आणि तयार इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र बघा. हडपसरच्याच मगरपट्ट्यात शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून, ती न विकता, स्वतःच वसाहत उभी केली. शहरानं गिळण्याआधी शहराचा भाग कसं व्हायचं, हे त्या शेतकऱ्यांनी ओळखलं. आपलं रान पुण्याच्या कडेला नाही, पण हे उदाहरण माहीत असावं. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष भाड्यानंच राहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढल्याशिवाय वस्ती कळत नाही.

शाळेचं ठरवून मग खोली

क्रम बदला, एवढीच विनंती. आधी कामाची जागा, मग तिथून जमेल अशा अंतरावरची शाळा, मग शाळेजवळ खोली. बहुतेक घरी आधी खोली ठरते आणि जूनमध्ये शाळा शोधत फिरावं लागतं.

मराठी माध्यमाची शाळा हवी असेल तर ती कुठपर्यंत आहे ते विचारा. चौथीपर्यंत असेल तर पुढं काय, हे पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे. खासगी शाळेतल्या २५ टक्के राखीव जागांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की तो प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात मिळतो. तिसरीतल्या लेकराला घेऊन गेलात तर तो मार्ग बंद असतो. पहिलीसाठी अर्ज करणार असाल तर राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून भाडेकरार नोंदणी केलेला करा. नुसत्या कागदावर सही घेऊन खोली देणारा मालक तिथं अडचण करतो.

आणि दाखल्याबद्दल. सरकारी, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत लेकरू बदली होऊन जात असेल, तर दाखला यायला उशीर झाला म्हणून त्याचा प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये हे स्पष्ट आहे. पालकांना हे माहीत नसतं आणि लेकरू महिनाभर घरी बसतं. शिक्षकांनी आपल्या बाजूनं दाखला त्याच दिवशी द्यावा, आणि यूडायसमध्ये विद्यार्थ्याला ड्रॉपबॉक्समध्ये टाकायचं विसरू नये, नाहीतर पुढच्या शाळेला नाव ओढून घेता येत नाही. दाखल्यासोबत पेन क्रमांक आणि आधारवरचं नाव जसंच्या तसं एका चिठ्ठीवर लिहून द्या, शाळेचा फोन नंबरही. मी त्या चिठ्ठीच्या मागं आता एक ओळ जास्तीची लिहायला लागले आहे: खोलीची चावी घेण्याआधी सकाळी सात वाजता लेकराला घेऊन खोलीपासून शाळेपर्यंत एकदा चालत जा.